९ वर्षांनी ३१ टक्के, २२ वर्षांनी ६३

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९८७ पासूनच्या चारेक वर्षांत खाण्याच्या विकारांवर उपचार घ्यायला आलेल्या २४६ स्त्रियांची संशोधकांनी नोंद केली आणि पुढे त्यांचा माग सोडला नाही. यातल्या काहींना ॲनोरेक्सिया होता, म्हणजे अन्न टाळत टाळत शरीर झिजवणारा आजार. काहींना बुलिमिया होता. त्यात ताबा सुटून भराभर खाल्लं जातं आणि मग ते खाणं कसंही करून 'फेडून' टाकायची धडपड सुरू होते. नऊ वर्षांनी पाहिलं तेव्हा ॲनोरेक्सिया झालेल्यांपैकी ३१.४ टक्के आणि बुलिमिया झालेल्यांपैकी ६८.२ टक्के बऱ्या झाल्या होत्या. सलग किमान एक वर्ष लक्षणं नसणं किंवा अगदी नगण्य असणं, अशी 'बरी'ची व्याख्या ठरवली होती.

बाविसाव्या वर्षी त्यांना पुन्हा शोधलं. काही हयात नव्हत्या, काही सापडल्या नाहीत, काहींनी नकार दिला. १७६ जणी बोलल्या. बुलिमियाचा आकडा होता तिथेच होता, ६८.२. ॲनोरेक्सियाचा मात्र ३१.४ वरून ६२.८ वर गेला होता.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली दोन्ही आजारांची ही टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. बुलिमियात ज्यांना बरं व्हायचं त्या बहुतेक पहिल्या नऊ वर्षांत होतात, मग रेघ सपाट. ॲनोरेक्सियाची रेघ हळू चढते, पण चढत राहते. नवव्या वर्षी ज्या बऱ्या नव्हत्या त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या पुढच्या तेरा वर्षांत बऱ्या झाल्या. त्या वेळी एखाद्या डॉक्टरांनी किंवा थकलेल्या आईवडिलांनी 'आता हिचं असंच राहणार' असा निकाल दिला असता, तर तो अर्ध्या वेळा चुकला असता. बाविसाव्या वर्षीही साधारण एक तृतीयांश स्त्रिया बऱ्या नव्हत्या, हेही याच आकड्यांत आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे या आजाराबद्दल दोनच समजुती चालतात. एक, हे वयाचं खूळ आहे, लग्न झालं की जाईल. दुसरी, एकदा लागलं की सुटत नाही. आकडे दोन्हींच्या विरोधात जातात.

एक खुलासा आधीच करतो. आकड्यांच्या या लेखात दोन प्रकारचे आकडे मुद्दाम नाहीत: कुणाचं वजन किती किलोवर आलं आणि कोण किती कॅलरींवर जगत होतं. या आजारातून जाणारं कुणी हे वाचत असेल, तर तो आकडा त्याला इशारा म्हणून दिसत नाही, लक्ष्य म्हणून दिसतो. वर्तमानपत्रांनीही हे पथ्य पाळायला हरकत नाही.

जगात असे रुग्ण किती? आजारांचा जागतिक भार मोजणाऱ्या प्रकल्पात बरीच वर्षं फक्त ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया धरले जात. जागतिक आरोग्य संघटना २०१९ सालासाठी सुमारे १ कोटी ४० लाख रुग्ण सांगते, त्यात जवळपास ३० लाख मुलं आणि किशोरवयीन. २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आलेल्या एका विश्लेषणानं दाखवलं की या मोजणीत ४ कोटी १९ लाख माणसं बाहेर राहिली होती. यातले १ कोटी ७३ लाख 'बिंज ईटिंग'चे: ताबा सुटून खाणं आहे, पण नंतरची 'फेड' नाही, फक्त लाज आणि अपराधीपणा. उरलेले २ कोटी ४६ लाख कुठल्याच एका व्याख्येत नीट न बसणारे, म्हणून 'इतर' या रकान्यात गेलेले. सगळे मिळून साडेपाच कोटींच्या वर. म्हणजे चारांपैकी तीन रुग्ण मोजलेच जात नव्हते.

हे तीन रुग्ण दिसायला कसे असतात? बहुतेकदा चारचौघांसारखे. खाण्याचा विकार म्हटलं की हाडं दिसणारी मुलगी डोळ्यांसमोर येते, पण मोठा हिस्सा सर्वसाधारण किंवा जास्त वजनाच्या माणसांचा आहे. वजन मुळात जास्त असलेली व्यक्ती झपाट्यानं उतरली, तर शरीराची हानी तितकीच गंभीर होऊ शकते. नाडी मंदावते, पाळी थांबते, चक्कर येते. फरक एवढाच की तिला घरात, ऑफिसात, कधी दवाखान्यातही शाबासकी मिळते.

पुरुषांचंही तसंच. अमेरिकेतल्या ९,२८२ प्रौढांच्या पाहणीत (२००७) आयुष्यात कधीतरी ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के होत्या आणि पुरुष ०.३, बुलिमिया १.५ आणि ०.५; बिंज ईटिंग ३.५ आणि २.०. म्हणजे पहिल्या दोन आजारांत चार रुग्णांत एक पुरुष, तिसऱ्यात तीनांत एकाहून जास्त. 'बायकांचा आजार' हे बिरूद इथेच गळून पडायला हवं. जिमला जाणारा मुलगा पोळी सोडतो, मग भात, मग फळं, तेव्हा घरात कौतुकच होतं.

आता सर्वात जड आकडा. २०११ मध्ये ३६ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर लोकांच्या ५.८६ पट आहे, बुलिमियात १.९३ पट. ॲनोरेक्सियातल्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एक आत्महत्येचा होता. बाकीच्यांत हृदयाची लय बिघडणं, क्षारांचं संतुलन ढासळणं अशी कारणं येतात. मानसिक आजारांत इतका मृत्युदर फार थोड्या आजारांचा आहे. 'नखरे' म्हणून सोडून देण्याजोगं हे प्रकरण नाही, एवढं यावरून कळावं.

मग माणूस खात का नाही? या प्रश्नाचं अर्धं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नैतिक कारणानं नकार दिलेले, शरीरानं आणि मनानं ठणठणीत असे हे स्वयंसेवक. युद्धानं होरपळलेल्या युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे समजावं म्हणून त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. शरीर झिजणार हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते मनाचं झालं. ही माणसं दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, जमवू लागली. समोरचं थोडंसं जेवण तासतास चिवडत बसू लागली. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले, थंडी सोसेना, लक्ष कशात लागेना. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही सगळं लगेच सुरळीत झालं नाही. काहींना कितीही खाल्लं तरी भूक शमत नव्हती आणि हे महिनोन्‌महिने चाललं. निष्कर्ष १९५० मध्ये दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाले. (उंची-वजनाच्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नावही पुढे १९७२ मध्ये कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दिलं. आज तो आकडा मोबाइलवर पाहून मुली रडतात, यात कीज यांचा दोष नाही.)

या ३६ जणांपैकी कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरी ज्याला आपण आजारी मुलीचा हट्ट, एकलकोंडेपणा, स्वयंपाकघरात घुटमळणं, सगळ्यांना करून घालणं आणि स्वतः न जेवणं म्हणतो, त्यातलं बरंचसं त्यांच्यात निव्वळ उपासमारीनं आलं. मेंदू भुकेला असला की त्याला समजावणं लागू पडत नाही. म्हणूनच आजच्या उपचारांत क्रम उलटा आहे: आधी अन्न, मग मनाची उकल. 'कारण सापडलं की ती जेवेल' असं म्हणत थांबणं परवडत नाही. मात्र खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. अशा रुग्णाचं पुन्हा जेवण सुरू करणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग रक्तात आहे. अर्धपोटी ठेवलेले सगळेच या आजाराच्या तावडीत सापडत नाहीत; कोण सापडतं, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात ॲनोरेक्सियाच्या १६,९९२ रुग्णांची ५५,५२५ निरोगी व्यक्तींशी तुलना झाली आणि जनुकसंचातल्या आठ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या. काही धागे मनोविकारांकडे जात होते, काही थेट चयापचयाकडे. 'आईनं लाडावून ठेवलं' किंवा 'आईनं धाकात ठेवलं' ही दोन्ही निदानं शेजारणींसाठी सोडून द्यावीत.

तरीही उपचारात आई हवीच, कारण सर्वात चांगले आकडे तिच्याच बाजूनं आहेत. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक पद्धत आकाराला आली. त्यात किशोरवयीन रुग्णाच्या खाण्याची सूत्रं काही महिने पूर्णपणे आईवडिलांच्या हाती दिली जातात. काय वाढायचं, किती वाढायचं, हे पालक ठरवतात, ताटाशी बसतात, संपेपर्यंत उठत नाहीत. मग हळूहळू निर्णय मुलीकडे परत जातात आणि शेवटी वयाला साजेसे बाकीचे प्रश्न हाती घेतले जातात. शिकागो आणि स्टॅनफर्ड इथे १२१ किशोरवयीनांवर झालेल्या चाचणीत (२०१०), उपचार संपून एक वर्ष झाल्यावर या पद्धतीतले ४९ टक्के पूर्ण बरे होते. फक्त मुलीशी एकटीशी बोलून केलेल्या उपचारात २३ टक्के. दुप्पट. अर्थात ४९ म्हणजे निम्म्याहून कमी, हेही खरंच.

हे कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात वरणभातावरचं चमचाभर तूप हा दीड तासाचा प्रसंग होतो. ताट सरकवलं जातं, रडारड होते, 'तुम्ही माझा छळ करताय' हे ऐकावं लागतं, आणि रात्रीचं जेवण आटोपेस्तोवर उद्याच्या नाश्त्याची धास्ती सुरू होते. दिवसातून पाच-सहा वेळा हे करायचं, महिनोन्‌महिने. दोघांपैकी एकाला रजा काढावी लागते, कधी नोकरीवर पाणी सोडावं लागतं. एकत्र कुटुंब असेल तर हात जास्त असतात, पण तोंडंही जास्त असतात. आत्या म्हणते, 'जबरदस्ती कशाला, भूक लागली की खाईल.' काका म्हणतात, 'मस्त बारीक झालीस की.' यात आईबाबा एका बोलीनं बोलले नाहीत, तर आजार त्या फटीतून निसटतो. बाकीच्यांना एकच सूचना पुरते: जेवताना वजन, दिसणं, डाएट यांपैकी कशावरही बोलायचं नाही, कौतुकानंही नाही.

मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली वर्तन-विचार उपचारपद्धती सर्वाधिक अभ्यासलेली आहे: वजन फार घटलेलं नसेल तर २० आठवड्यांत २० बैठका, घटलेलं असेल तर ४० च्या आसपास. तिचा पाया अगदी घरगुती आहे. ठरलेल्या वेळी तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा खाणं, भूक असो वा नसो. लांबलेल्या उपाशी तासांनंतर बहुतेकदा ताबा सुटतो, त्यामुळे नियमित खाणं हाच त्यावरचा पहिला उतारा. औषधांचा वाटा मर्यादित आहे. बुलिमियासाठी फ्लुओक्सेटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता आहे; ॲनोरेक्सियासाठी खास मान्यता मिळालेलं एकही औषध तिथे नाही.

बरं होणं सरळ रेषेत जात नाही. उपचारानं सावरलेल्या ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी साधारण तिघांतला एक पुन्हा घसरतो आणि पहिलं वर्ष सर्वात निसरडं असतं. बारावीचा निकाल, वसतिगृह, लग्नाची बोलणी, बाळंतपण, साधा आठवडाभराचा ताप, असं काहीही निमित्त होतं. शरीर आधी भरतं, मन मागून येतं. मधल्या काळात मुलगी दिसायला ठीक आणि आतून सर्वात बेजार असते. 'आता तर बरी दिसतेस' हे वाक्य नेमकं तेव्हाच कानावर पडतं आणि ती त्याचा अर्थ 'जाड दिसतेस' असा लावते. वजन आलं म्हणून उपचार थांबवण्याची घाई महागात पडते ती यामुळेच.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, असं वाटेल. १९९० च्या दशकापर्यंत तज्ज्ञांनाही तसंच वाटे. मग हाँगकाँगमधून १९९३ मध्ये ७० रुग्णांचा अभ्यास आला, त्यातल्या ५८.६ टक्के रुग्णांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट गच्च वाटतं, भूक नाही, एवढंच त्या सांगत. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये नोंदवलेल्या पाच तरुणींचंही तसंच: न खाणं, उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी, पण आरशातल्या प्रतिमेशी भांडण नाही. आपल्या घरांतली वाक्यं आठवून पाहा: 'पित्त झालंय', 'जेवण जातच नाही', 'आज माझी संकष्टी'. उपवासानं हा आजार होतो असं मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायका उपवास करून दुसऱ्या दिवशी ताटभर जेवत आल्या आहेत. पण ज्या घरात न जेवण्याला पुण्याची प्रतिष्ठा आहे, तिथे हा आजार बराच काळ देव्हाऱ्याआड लपू शकतो. एका एकादशीच्या तीन झाल्या, उपवास सुटायच्या दिवशीही ताट रिकामं राहिलं, तर विचारायला हवं. अशा वेळी आजीनंच 'या वेळची तुझी एकादशी मी धरते, तू जेव' म्हणावं. तिच्या शब्दाला घरात जे वजन आहे ते कुठल्याही डॉक्टरच्या शब्दाला नाही.

दृश्यमाध्यमांचा वाटा किती, याचं सर्वात स्पष्ट मोजमाप फिजीतलं आहे. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही नुकताच पोचला तेव्हा शाळकरी मुलींपैकी १२.७ टक्के चाचणीत धोक्याच्या रेषेवर होत्या. तीन वर्षांनी २९.२ टक्के. जिथे भरलेलं अंग खात्यापित्या घराची खूण समजलं जाई, तिथली ही गोष्ट. तेव्हा हातात मोबाइल नव्हता.

महाराष्ट्रात किती रुग्ण असतील? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानानं कमी आहे, २३.४ टक्के स्त्रियांचं जास्त, आणि ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. जिथे पाचातली एक बाई गरिबीनं, कामानं, सगळ्यांत शेवटी जेवण्यानं कृश आहे, तिथे आजारानं कृश झालेली एखादी कुणाला वेगळी दिसणार? आणि हा फक्त पुण्या-मुंबईच्या उच्चभ्रू घरांचा आजार आहे, हे आपण मोजल्यावाचून ठरवून टाकलं आहे.

मोजमाप नसलं तरी उशिराची किंमत माहीत आहे. २०२१ च्या एका आढाव्यानुसार आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत ॲनोरेक्सियात सरासरी ३० महिने जातात, बुलिमियात ५३, बिंज ईटिंगमध्ये ६७. हे प्रामुख्यानं श्रीमंत देशांतले आकडे. आपल्याकडे लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, हवेत किमान तीन. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी पोटाचे डॉक्टर होतात, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ होतात, एंडोस्कोपी होते, टॉनिक होतं, दृष्ट काढून होते. लंडनमध्ये १६ ते २५ वयोगटासाठी सुरू झालेल्या एका योजनेत चिठ्ठी आल्यापासून ४८ तासांत रुग्णाला फोन जातो आणि महिन्याभरात उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट असतं, कारण पहिल्या तीन वर्षांत आजार पकडला तर तो सुटण्याची शक्यता जास्त. आपल्याला तेवढी यंत्रणा उद्या मिळणार नाही. पण तीस महिन्यांतले पंधरा महिने घरातच जातात, असं मला वाटतं, आणि ते वाचवायला सरकार लागत नाही.

थोडी व्यवस्था कागदावर आहे, तिचा वापर करावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर आधी तिथेच फोन करा, किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात जा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, सतत उलट्या ही लक्षणं असतील, तर समुपदेशनाची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट तपासून घ्या. गंभीर आजारातही रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. 'सगळं नॉर्मल आहे, मन रमवा' असं सांगून कुणी परत पाठवलं, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या.